गरम हातांची बाई

माझे हात गरम राहतात, एवढाच माझा गुन्हा.

स्वसंरक्षण परवाना केंद्रातल्या सोनवडेकरांनी तो मला परत एकदा समजावून सांगितला. समजावताना ते इतके नम्र होते की मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटत होता.

"मॅडम, अडचण एकच आहे. तुम्ही घाबरत नाही."

"मग बक्षीस द्या."

"तसं नाही हो. तुम्ही घाबरला नाहीत तर कडं उघडत नाही. कडं उघडलं नाही तर तुम्हाला त्याची गरज आहे हे सिद्ध होत नाही. आणि गरज नसताना शस्त्र बाळगणं बेकायदेशीर आहे."

"अहो, बंद कडं कसलं शस्त्र? त्यानं झुरळसुद्धा मरत नाही."

"बंद असतं तेव्हा तो दागिना, उघडलं की शस्त्र. पण ज्यांची गरज सिद्ध होत नाही त्यांनी दागिनाही घालायचा नाही, असं नवीन परिपत्रक आलंय. त्यात तुमच्यावर ती वाटेगावकरांची तक्रार." त्यांनी घसा साफ केला. "सहा आठवडे आहेत तुमच्याकडे. शनिवारचा वर्ग करा. तेवढ्यात एकदा, फक्त एकदा तुमचं कडं खऱ्या भीतीनं उघडलं की काम झालं. नाहीतर ते जमा करावं लागेल."

कडं जमा झालं की माझी फिरतीची नोकरीही जमा होणार होती. मी दीपाली आवटी, वीजचोरी पकडणाऱ्या पथकाची अभियंता. कुणाच्या वाड्यावस्तीत, कुणाच्या कारखान्यात शिरून चोरीची केबल उपटणं हे माझं काम. आमच्या कंपनीचा नियम असा की कडं नसलेल्या माणसाला पथकात पाठवायचं नाही. म्हणजे मला सांगलीच्या ऑफिसात बिलं दुरुस्त करत बसवणार, आणि मी तोडलेली एक विशिष्ट केबल महिन्याभरात परत जोडली जाणार. ती कुणाची ते सांगतेच, पण आधी हे कडं काय आहे ते सांगायला हवं.

पूर्वी शस्त्राच्या परवान्यावरून दोन्ही बाजूंनी नुसती डोकेफोड चालायची. एक बाजू म्हणायची, एकट्यादुकट्या बाईमाणसाला स्वतःला वाचवायला काहीतरी हातात द्या. दुसरी म्हणायची, द्या, पण मग गुंडांच्याही हातात तेच येईल. दोन्ही बाजूंचं बरोबर होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. मग हे कडं निघालं. मनगटात घालायचं, जाडीला पाटलीएवढं. आत मिठाच्या पाण्याची बारीकशी कुपी आणि वीज साठवणारा एक चिमुकला कपॅसिटर. बटण दाबलं की पाण्याची चिळकांडी उडते आणि त्या खारट धारेतूनच विजेचा एक ठरावीक मापाचा झटका जातो. धार जिथे लागेल तिथले स्नायू अर्धा तास लुळे पडतात. ना रक्त, ना जखम. विजेतली बाई म्हणून सांगते, काम सुरेख आहे.

खरी हुशारी कुलपात होती. सरकारनं ठरवलं, कडं सोळा वर्षांपुढच्या सगळ्यांना द्या, पण ते उघडेल फक्त गरज असेल तेव्हा. आणि गरज मोजायची शरीरावरून. माणूस घाबरतो तेव्हा शरीर पळायची तयारी करतं. रक्त पायांकडे धावतं, बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, हात गार पडतात. माणूस चिडतो तेव्हा शरीर मारायची तयारी करतं आणि रक्त हातांकडे येतं, हात गरम होतात. छातीचे ठोके दोन्हीकडे वाढतात, म्हणून नुसत्या ठोक्यांवर विसंबता येत नाही. कड्याच्या आतल्या बाजूला जे संवेदक आहेत ते मनगटातलं रक्त, घाम आणि कातडीची उष्णता बघून भीती कुठली आणि राग कुठला हे अचूक ओळखतात. भीती असेल तर कुलूप उघडतं आणि एक गोड आवाजाची बाई म्हणते, "आपली गरज मान्य झाली आहे." राग असेल तर तीच बाई म्हणते, "आपली गरज आढळत नाही. कृपया शांत राहा."

आता मला सांगा, 'कृपया शांत राहा' म्हटल्यावर आजवर जगात कोण शांत राहिलंय?

आमच्या घरात कडं आलं तेव्हापासूनच माझी पंचाईत सुरू झाली. माझा नवरा गिरीश कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. माणूस सोन्यासारखा, पण जन्माचा भित्रा. पालीला भितो, तपासायला आलेल्या पेपरांच्या गठ्ठ्याला भितो. एका सकाळी त्यानं ओला टॉवेल पलंगावर टाकला होता. मी स्वयंपाकघरातून जरा आवाज चढवून म्हटलं, "किती वेळा सांगायचं रे?" तर आतून बाईचा गोड आवाज आला, "आपली गरज मान्य झाली आहे."

 आमची मुलगी शर्वी हातातला ब्रश तसाच धरून मोरीच्या दारात उभी होती.

"मी तुला घाबरत नाही गं," गिरीश पुटपुटला. "माझं शरीर घाबरतं."

"म्हणजे तुझं शरीर मला मारणार होतं?"

"काहीतरीच काय! मी बटणाला हातसुद्धा लावला नाही."

लावला नव्हता, खरंच. पण प्रत्येक उघडण्याची नोंद होते, आणि त्या वेळी समोर कुणाचं कडं होतं त्याचीही. तेव्हापासून गिरीशचं चार-पाचदा उघडलं, सोसायटीच्या चेअरमनचं एकदा पाण्याच्या टाकीवरून उघडलं, आणि दर वेळी समोर मी. वीस वर्षं ज्या माणसाशी मी मोकळेपणी भांडत आले त्याच्याशी मी मोजून मापून बोलायला लागले. सकाळी ओला टॉवेल दिसला की मुकाट्यानं उचलून दांडीवर टाकायचे. गिरीशला ते भांडणापेक्षा जास्त लागलं असावं. "एकदा ओरड की," असं तो एकदा केविलवाणं म्हणालाही. मी ओरडले नाही, पण मनातून फार वाईट वाटलं.

मी अशी का, हे मला ठाऊक आहे. नोकरीला लागले तेव्हा आमचे जुने साहेब पहिल्या दिवशी म्हणाले होते, "घाबरलेला हात थरथरतो, आणि थरथरणाऱ्या हाताला करंट धरतो." त्यांनी आम्हाला आणखी एक सवय लावली. कुठल्याही लोखंडाला, खांबाला, दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघायची. तळवा लावला आणि आत करंट असला तर मूठ आवळली जाते, सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात झटक्यानं लांब फेकला जातो आणि माणूस वाचतो. टेस्टर वगैरे सगळं नंतर. ही सवय इतकी अंगात भिनली की मी घरचा फ्रीजसुद्धा हात उलटा लावून मगच उघडते. शर्वी त्यावरून माझी नक्कल करते.

त्याच सवयीनं माझा घात केला.

जयसिंग वाटेगावकराचं तासगाव रस्त्याला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. आत हजारो पेट्या, त्यांना थंड ठेवणारे मोठाले कॉम्प्रेसर, आणि मीटरवर वापर एखाद्या पानपट्टीइतका. गेल्या वर्षी मी त्याची जमिनीखालून ओढलेली केबल खणून काढली. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, जामीनही लगेच झाला. नियमाप्रमाणे दुसऱ्या तपासणीला मी पुन्हा गेले, बरोबर दोन वायरमन. मीटरच्या खोलीला लोखंडी दार आहे. वाटेगावकर त्या दाराला टेकून उभा होता. वायरमन कॉम्प्रेसरच्या पलीकडे केबल शोधत होते, आणि त्या घरघरीत शेजारचा माणूस काय बोलतो तेही ऐकू येत नव्हतं.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

"व्हतो की. एवढी गडबड कशाला, बाईसाहेब?"

मी नेहमीप्रमाणे हात उलटा करून दाराकडे नेला. तेवढ्यात तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "तुमची पोरगी विश्रामबागेत क्लासला जाती न्हवं? निळी सायकल हाय तिची. ध्यान ठेवत चला."

माझ्या डोक्यात जाळ झाला. माझा हात उलटा वर उठलेला होताच. ते ऐकल्यावर तो दाराकडे चालला होता की त्याच्या गालाकडे, हे देवालाच ठाऊक. माझ्या मनगटावरची बाई म्हणाली, "आपली गरज आढळत नाही. कृपया शांत राहा." आणि त्याच क्षणी, अगदी त्याच आवाजात, त्याच्या मनगटावरची बाई म्हणाली, "आपली गरज मान्य झाली आहे."

त्यानं बटण दाबलं. गार पाणी खांद्यावर लागल्याचं कळलं आणि माझा उजवा हात माझा राहिलाच नाही. तो नुसता लोंबत होता. वाटेगावकर दाराला पाठ लावून थरथरत उभा होता आणि ओरडत होता, "मारायला आली! बघा रं, मारायला आली मला!"

संतापाची गोष्ट ही की तो खोटं बोलत नव्हता. पोलिसांनी दोन्ही कड्यांच्या नोंदी काढल्या. त्याचे हात बर्फासारखे गार, माझे तव्यासारखे गरम. धमकी देणारा माणूस आतून भेदरलेला असतो, हे सगळ्यांना माहीत असतं, पण आता ते त्याच्या बाजूनं पुरावा म्हणून उभं राहिलं. कडं बोलणं ऐकत नाही, लोकांच्या खाजगीपणासाठी तसा कायदा आहे. वायरमनना काही ऐकू गेलं नव्हतं. माझ्याकडे माझा शब्द होता, आणि नवऱ्याच्या व चेअरमनच्या नोंदींनी त्या शब्दाची किंमत आधीच उतरवून ठेवली होती. 'सदर महिलेच्या सान्निध्यात अनेक व्यक्तींना भय वाटते,' असं अहवालात आलं. वाचून गिरीश दिवसभर जेवला नाही.

हे सगळं मी सोनवडेकरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माणसासारखं विचारलं, "मॅडम, रागावरही कडं उघडायला लागलं तर काय होईल, सांगा बरं?"

उत्तर मला येत होतं. गणपतीच्या मिरवणुकीत आणि पार्किंगच्या भांडणात अर्धी सांगली रस्त्यावर लुळी पडली असती. कडी आल्यापासून शहरातल्या हाणामाऱ्या कमी झाल्या आहेत, हे मीही मान्य करते. कायदा करणाऱ्यांना अक्कल नव्हती असं नाही. त्यांनी काटा नीट बनवला, पण गरज म्हणून पारड्यात टाकली ती भीती. जो घाबरत नाही त्याला धोकाच नाही, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं?

शनिवारचा वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या आणि त्यांच्या आवाजात सतत दया होती. सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं, आणि त्या एकेक प्रसंग सांगायच्या. माझ्या शेजारच्या काकूंचं कडं मुलाच्या दहावीच्या निकालाचं नाव काढताच उघडलं. एका गृहस्थांचं तर बाईंनी तोंड उघडण्याआधीच उघडलं. माझी पाळी आली.

"दीपालीताई, तुम्ही एकट्या चालताय. मागून पावलांचा आवाज येतोय. काय कराल?"

"वळून बघेन."

"नाही, वळायचं नाही. नुसतं घाबरायचं."

"कोण आहे ते बघितल्याशिवाय कशी घाबरू?"

हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. "पावलं जवळ येतायत," त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला काय वाटतंय?"

"राग येतोय. सरळ बाजूनं पुढे जायला काय होतंय त्याला?"

"आपली गरज आढळत नाही," मनगटावरची भवानी म्हणाली. "कृपया शांत राहा."

मी बर्फाच्या पाण्यात हात बुडवून पाहिला. कड्याला बाहेरचा गारवा ओळखता येतो. मी वाटेगावकराला मनात आणून पाहिलं, हात आणखी तापले. शेवटचा आठवडा उजाडला तरी कडं ढिम्म. गिरीश रोज संध्याकाळी भीत भीत विचारायचा, "आज?" आणि मी मान हलवायचे. बिलं दुरुस्त करायची खुर्ची मला स्वप्नात दिसायला लागली. आमच्या पथकातल्या एकानं येऊन सांगितलं, वाटेगावकरानं केबल पुन्हा पुरायला माणसं बघून ठेवलीत.

शर्वीला यातलं आम्ही शक्यतो काही कळू दिलं नव्हतं. निदान आमची तशी समजूत होती. तिला नुकतीच सोळा वर्षं पूर्ण झाली होती, मनगटात नवं कडं आलं होतं. क्लासला तिला सोडायला मी किंवा गिरीश जायचो. निळी सायकल मी भावाच्या गावाला पाठवून दिली होती, आणि तिनं का म्हणून विचारलं नव्हतं. माझी मुलगी विचारत नाही, भांडत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी चहा टाकत होते. शर्वी क्लासचं दप्तर भरून स्वयंपाकघरात आली.

"आई, तुझं अजून उघडत नाही ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. म्हणजे बाबा फोनवर आत्याला सांगत होते. मी तुला शिकवू? आम्हाला शाळेत तास असतो त्याचा. मॅडम म्हणतात, वर्गात सगळ्यात छान मला जमतं."

"काय छान जमतं?"

"बघ." ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. तिचा चेहरा अगदी शांत होता. "आधी समजायचं की आपण गल्लीत एकटे आहोत. तू नाहीयेस, बाबा नाहीयेत. मग एक माणूस येतो. त्याला माझं नाव माहितीये, क्लास माहितीये. मी ओरडते, पण सगळ्या घरांची दारं बंद आहेत आणि माझा आवाज कुणालाच जात नाही. मग मी ओरडायचं पण सोडते. कारण मला कळतं, आता काही उपयोग नाही. ते कळलं ना, की..."

"आपली गरज मान्य झाली आहे," तिच्या मनगटावरून आवाज आला.

तिनं डोळे उघडले आणि खुशीत हसली. "जमलं! मी रोज करते, क्लासला जायच्या आधी. म्हणजे खरंच कुणी आलं तर उघडायला वेळ नाही जात. तू पण त्या माणसाला तसंच आण ना डोक्यात. पण तू त्याच्याशी भांडायला जातेस, तिथंच चुकतेस."

मी पुढे झाले आणि तिच्या हाताला हात लावला. सवयीनं, मागच्या बाजूनं. आमच्या कामात लाईन मेलेली, म्हणजे करंट नसलेली निघाली की जीव भांड्यात पडतो. माझ्या पोरीचा हात तसा मेलेला लागला. बोटं पांढरी, नखं निळसर. ही मुलगी पाचवीत असताना वेणी ओढणाऱ्या पोराला डबा फेकून मारून आली होती. मी तिला रागावले होते, आणि गिरीश दाराआड हसत होता. आता ती रोज संध्याकाळी डोळे मिटून त्या गल्लीत जात होती, आणि तिथं ओरडणं सोडून द्यायला शिकत होती. तिला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते.

 पायात मुंग्या आल्या. बोटांतली धग कुणीतरी ओढून घ्यावी तशी निघून गेली.

"आपली गरज मान्य झाली आहे," माझ्या मनगटावरची बाई म्हणाली.

"आई!" शर्वी टाळी वाजवून ओरडली. "उघडलं! पास झालीस तू! बाबा, आईचं उघडलं!"

गिरीश बाहेरच्या खोलीतून धावत आला आणि माझा चेहरा बघून दारातच थांबला. तो आयुष्यभर घाबरलेला माणूस, त्याला भीती बघितल्या बघितल्या ओळखता येते.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, शर्वीचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि चोळायला लागले. माझेही गारच होते, पण मी चोळत राहिले. आधी हळू, मग जोरात.

"काय करतेस?"

"चिड."

"काय?"

"चिड म्हणते मी. ती दारं बंद का आहेत? तू एवढी ओरडतेस, एकही मेला दार का उघडत नाही? लाथ घाल दारावर."

"अगं, तो नुसता सराव आहे. आई, दुखतंय."

"दुखू दे. त्या माणसाला तुझं नाव घ्यायचा काय अधिकार? तुझी सायकल मी गावाला पाठवली, एका शब्दानं भांडलीस माझ्याशी? भांड की!"

"आई, सोड ना!" तिनं हात ओढला. मी सोडला नाही. "काय वेड लागलंय का तुला? सायकल माझी होती! मला न विचारता दिलीस तू! आणि आता मला क्लासला उशीर होतोय, सोड म्हणते ना!"

तिचा चेहरा लाल झाला होता. माझ्या तळव्यांत तिची बोटं हळूहळू ऊन व्हायला लागली. तिच्या कड्यातून कुलूप बसल्याचा बारीक आवाज आला, आणि पाठोपाठ माझ्याही.

"आपली गरज आढळत नाही," दोन्ही बाया एका सुरात म्हणाल्या. "कृपया शांत राहा."

"अजिबात राहू नकोस," मी शर्वीला म्हटलं आणि गाडीची किल्ली घेतली. "चल, आधी क्लास. मग मामाकडून सायकल आणू."